परत फिरायची मुभा

"अरे, तू तरी समजाव त्याला. तुझं ऐकतो तो."

आत्याचा हा फोन रविवारी सकाळी आला. 'तो' म्हणजे माझा आतेभाऊ. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणतो. दादा एका विमान कंपनीत को-पायलट आहे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खांद्यावर पट्ट्या, न्यायला दारात येणारी गाडी. शिवाय आत्याचा फ्लॅट गहाण ठेवून काढलेलं ट्रेनिंगचं कर्ज, जे आत्ता कुठे निम्मं फिटलंय.

आणि आता दादाला ही नोकरी सोडून पूर्व आफ्रिकेत जायचंय. तिथली एक लहानशी कंपनी त्याला सेसना कॅरव्हान उडवायला देणार आहे. एकच इंजिन, एकच वैमानिक. मागे प्रवासी नाहीत, माल. औषधं, यंत्रांचे सुटे भाग, भाजीपाला, टपाल. धावपट्ट्या कच्च्या. पगार आत्तापेक्षा कमी.

"चांगलं चाललेलं असताना माणूस असं का करतो?" आत्याने विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. तरी मी हो म्हणालो, कारण आत्याला नाही म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही.

मी जांबे गावात राहतो. नकाशावर मुळशी तालुका, पण बिल्डरच्या जाहिरातीत 'हिंजवडीपासून दहा मिनिटं'. ती दहा मिनिटं पहाटे चार वाजता लागत असतील. एका बाजूला भाताची खाचरं, दुसऱ्या बाजूला आमचे टॉवर, मधून पाण्याचे टँकर. गच्चीवरून मात्र आकाश मोकळं दिसतं आणि रात्री लोहगावला ये-जा करणाऱ्या विमानांचे दिवे दिसतात. दादाला मी तिथेच बोलावलं.

"बसचा ड्रायव्हर निदान गिअर तरी टाकतो," तो म्हणाला. "मी बटणं दाबतो आणि ती नीट दाबली गेली का ते बघत बसतो."

मग त्याने ट्रेनिंगचे दिवस काढले. आपल्याकडे व्यावसायिक वैमानिकाच्या लायसन्ससाठी २०० तास उड्डाण लागतं. त्यातले १०० तास विमान आपल्या जबाबदारीवर. त्यात ३०० नॉटिकल मैलांची, म्हणजे साडेपाचशे किलोमीटरची एक लांब फेरी. "खाली उजनीचं पाणी. शेजारची सीट रिकामी. रेडिओवर कुणी माझ्याशी बोलत नव्हतं. उतरलो तेव्हा शर्ट पिळून काढावा इतका भिजला होता. त्यानंतर इतका जिवंत मी कधीच नव्हतो रे."

यावर काय बोलणार? मी म्हटलं, आठवडाभराने बोलू.

आमच्याकडे प्रॉडक्शनमध्ये काही फुटलं की कुणाला दोष द्यायच्या आधी लॉग बघतात. मी तेच केलं. एकट्याने माल उडवायच्या या धंद्याचे जुने लॉग काढले. खरं सांगतो, दादाला गप्प करायला पुरावे शोधत होतो.

पंचवीस किलो टपाल

हा धंदा आपल्याकडे मुळात टपालापासून सुरू झाला. जगातलं पहिलं अधिकृत हवाई टपालच आपल्याकडचं आहे. १८ फेब्रुवारी १९११ रोजी ऑंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून यमुनेपलीकडच्या नैनीला सुमारे साडेसहा हजार पत्रं नेली. पण ती एका प्रदर्शनातली कवतिकाची गोष्ट होती. नेमाने, ठरल्या वेळी टपाल नेणं सुरू झालं १९३२ मध्ये.

तेव्हा लंडनहून इंपीरियल एअरवेजची विमानं कराचीपर्यंत टपाल आणत. तिथून पुढे दक्षिणेपर्यंत विमानाने न्यायची कल्पना नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकाची. जेआरडी टाटांनी ती उचलून धरली. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी कराचीहून निघाले ते एका 'पस मॉथ' विमानात, एकटे. एक इंजिन, रेडिओ नाही, वाट दाखवणारं कसलंही उपकरण नाही. सोबत पंचवीस किलो टपाल. अहमदाबादला उतरले तेव्हा बर्मा शेलचे पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले. दुपारी ते मुंबईत जुहूला पोचले आणि तिथून व्हिन्सेंट टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासला गेले.

जेआरडी त्या दिवशी अठ्ठावीस वर्षांचे होते. मी अठ्ठावीसचा आहे. मी त्या आठवड्यात एका बटणाचा रंग बदलण्यावर तीन मीटिंगा केल्या होत्या.

पुण्याच्या माणसाला आवडेल असा एक तपशील सापडला. जुहूचं विमानतळ म्हणजे तेव्हा समुद्रालगतचा चिखल. पावसाळ्यात तिथे विमान उतरणं अशक्य. मग अख्खी विमान कंपनी गाशा गुंडाळून पुण्यात यायची. अख्खी म्हणजे दोन विमानं, तीन वैमानिक आणि तीन मेकॅनिक. येरवड्याच्या तुरुंगाच्या सावलीत एक छोटी धावपट्टी केली होती, तिथून पावसाळाभर देशाचं हवाई टपाल चालायचं. आज येरवड्यातून जाताना सिग्नलला जितकी माणसं आपल्या आजूबाजूला असतात, त्याहून कमी माणसांत ही कंपनी होती.

पहिल्या वर्षात या मंडळींनी १,६०,००० मैल उड्डाण केलं, सुमारे दहा टन टपाल आणि १५५ प्रवासी नेले आणि ६०,००० रुपये नफा कमावला. हे वाचताना मी दादाच्या बाजूला झुकायला लागलो होतो. एक काम, एक माणूस, सकाळी सुरू आणि दुपारी संपलेलं. पत्र पोचलं की पोचलं. कुणाला प्रेझेंटेशन द्यायचं नाही.

गोष्ट सांगायला कोण उरतं

मग लॉगची पुढची पानं उघडली.

टाटांनी घेतलं त्याच जातीचं पस मॉथ विमान १९३० ते १९३३ या काळात जगात ठिकठिकाणी हवेतच मोडत होतं. वादळी हवेत पंख निखळायचा. ब्रिटनमध्ये कसून तपास झाला आणि पंखाला आधार देणाऱ्या दांड्यांत बदल करावे लागले. म्हणजे जुहू आणि येरवड्याहून ही विमानं उडत होती, तेव्हा तो दोष पुरता उलगडलाही नव्हता. आपल्या वैमानिकांचं कौशल्य मोठं होतं, यात शंका नाही. पण त्यांच्या वाट्याला नशीबही आलं.

व्हिन्सेंट यांच्या वाट्याला ते पुढे आलं नाही. १९४२ मध्ये, युद्धाच्या धामधुमीत, इंग्लंडहून परतताना ते लष्करी विमानासह नाहीसे झाले. फ्रेंच टपालाच्या विमानांचा सर्वांत नावाजलेला वैमानिक झाँ मेर्मोझ ७ डिसेंबर १९३६ ला अटलांटिक समुद्रावर बेपत्ता झाला. त्याचा सहकारी आंत्वान द सँतेक्झ्युपेरी, ज्याला आपण 'लिटिल प्रिन्स'चा लेखक म्हणून ओळखतो, त्याने या टपाल-उड्डाणांवर सुंदर पुस्तकं लिहिली. जगभरच्या वैमानिकांना एकट्या उड्डाणाची ओढ लागली त्यात या पुस्तकांचा वाटा मोठा आहे. तोही जुलै १९४४ मध्ये टेहळणीच्या उड्डाणावरून परत आला नाही.

जुन्या दिवसांच्या गोष्टी जे परत आले तेच सांगतात. आणि जे लिहून गेले, त्यांची पुस्तकं आपण वाचतो तेव्हा शेवटचं पान आपल्याला आधीच माहीत असतं, त्यांना नव्हतं.

हा मुद्दा मला मिळाला. दादाला चीत करायला पुरेसा होता. पण त्याच रात्री आणखी एक माणूस सापडला आणि माझा खटला बिघडला.

धुक्यात जायला नकार

त्याचं नाव हॅमिल्टन ली. अमेरिकेत १९१८ मध्ये सरकारी हवाई टपाल सुरू झालं. उघड्या कॉकपिटची विमानं, वैमानिक एकटा, आणि वॉशिंग्टनमधल्या साहेबांचा हुकूम असा की हवा कशीही असो, टपाल वेळेवर निघालं पाहिजे. जुलै १९१९ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या बेलमाँट पार्कच्या मैदानावर दाट धुकं होतं. दोन वैमानिकांनी उडायला नकार दिला, त्यातला एक ली. दोघांनाही कामावरून काढलं. त्यावर बाकीच्या वैमानिकांनी संप केला.

संप थोडेच दिवस चालला, पण तडजोड मोठी गमतीची झाली. हवा उडण्याजोगी आहे की नाही याचा निर्णय वॉशिंग्टनऐवजी त्या-त्या मैदानावरचा व्यवस्थापक घेईल. तो वैमानिक असेल तर त्याने आधी स्वतः वर जाऊन हवा बघायची. वैमानिक नसेल तर टपालाच्या पिशव्या ठेवतात त्या खणात बसून वैमानिकाबरोबर वर जायचं. आमच्या धंद्यात हा नियम आला तर शुक्रवारी संध्याकाळी रिलीज करायचा आग्रह धरणारे मॅनेजर पुष्कळ कमी होतील.

ली पुन्हा कामावर आला. पुढे युनायटेड या विमान कंपनीत गेला, १९४९ मध्ये निवृत्त झाला आणि १९९४ मध्ये वारला, वयाची शंभरी ओलांडून.

इथे मी थांबलो. दादाला मी 'धाडस विरुद्ध सुख' अशा तागडीत तोलत होतो. ली या तागडीत बसत नव्हता. त्याने एकट्याने टपालही उडवलं आणि प्रवासी विमानाची खुर्चीही भोगली. फरक त्या एका नकाराचा होता. धोका कुठे असतो? एक इंजिन आणि रिकामी सीट यांत थोडा असतो. जास्त असतो तो 'आज नको' म्हणायची सोय नसण्यात.

नागपूरची मध्यरात्र

एकट्या वैमानिकाकडून टपाल काढून घेऊन ते यंत्रणेच्या हाती दिलं की काय होतं, हे बघायला नागपूरला जावं लागतं.

जानेवारी १९४९ मध्ये, रफी अहमद किडवाई दळणवळण मंत्री असताना, रात्रीचं हवाई टपाल सुरू झालं. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास या चार शहरांतून रात्री विमानं निघत आणि मध्यरात्रीनंतर नागपूरला एकत्र येत. तिथे पिशव्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत विमानं आपापल्या गावी परत. मुंबईत संध्याकाळी पेटीत टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्याला. सगळे धागे एका गाठीत आणायचे आणि तिथून वाटायचे, ही युक्ती पुढे फेडेक्सने १९७३ पासून मेंफिस शहरात वापरून जगभर नाव केलं. आपल्या नागपूरने ती चोवीस वर्षं आधी चालवून दाखवली होती, डकोटा विमानांवर.

या विमानांत वैमानिक एकटा नव्हता. सोबत सहवैमानिक होता, रेडिओ होता. जोडीला थोडे प्रवासीही असत. म्हणजे धोका संपला होता का? १२ डिसेंबर १९५३ च्या रात्री नागपूरहून मद्रासला निघालेल्या डकोटाचं इंजिन उड्डाणानंतर लगेच बंद पडलं. विमानातल्या चौदा जणांपैकी तेरा गेले. त्यांत कामगार नेते आणि खासदार हरिहरनाथ शास्त्री होते. वाचला तो एकटा वैमानिक.

त्या वैमानिकाच्या मनात नंतर काय राहिलं असेल, याचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. धाडसाच्या गोष्टीत मरणारा सहसा वैमानिक असतो. पण विमानात दुसरीही माणसं असू शकतात.

विमानाच्या सुरक्षिततेची आज जी कंटाळवाणी व्यवस्था आहे, म्हणजे चेकलिस्ट, सिम्युलेटरच्या परीक्षा, ड्युटीच्या तासांची मर्यादा, तिच्यातली बरीच कलमं अशा कुठल्या ना कुठल्या रात्रीनंतर लिहिली गेली. दादाला ज्या बटणांचा कंटाळा येतो, ती फुकट मिळालेली नाहीत.

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी

तरीही जेआरडींची एक गोष्ट बाजूला सारता येत नव्हती.

विमानप्रवास सुखाचा करण्यासाठी त्यांच्याइतकं आपल्याकडे क्वचितच कुणी झटलं असेल. ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं पहिलं विमान मुंबईहून लंडनला गेलं. पुढची तीस वर्षं ते स्वतः प्रवास करताना नोंदी काढत असत. पडदे कसे आहेत, चहा आणि कॉफीची चव वेगळी लागते की नाही, सगळं. फेब्रुवारी १९७८ मध्ये सरकारने त्यांना अध्यक्षपदावरून दूर केलं.

आणि १५ ऑक्टोबर १९८२ ला, पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली त्या दिवशी, हा माणूस पुन्हा कराचीला गेला. वय अठ्ठ्याहत्तर. जुन्या काळातलं एक 'लेपर्ड मॉथ' घेतलं, त्यात एकटा बसला आणि अहमदाबादमार्गे जुहूला येऊन उतरला. तरुणांमधला उत्साह मावळत चाललाय, तो थोडा जागा व्हावा, असं त्यांना या उड्डाणातून सांगायचं होतं.

ज्याने आरामाचा महाल बांधला, तोच मागच्या दाराने निघून जुन्या झोपडीत एक दिवस राहून आला. मला आधी हा विरोधाभास वाटला. आता वाटत नाही. प्रवाशाला धोका नको, हे त्यांना कळत होतं. स्वतःच्या हाताने एक काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत नेण्याची चव काय असते, हेही कळत होतं. शिवाय त्यांच्या बाबतीत एक गोष्ट दोन्ही वेळा खरी होती. हवा बिघडली असती, तर उड्डाण रद्द करायला त्यांना कुणाची परवानगी लागली नसती.

माझा एक डिलीट

दुसऱ्या रविवारी दादा गच्चीवर आला तेव्हा मी त्याला हे सगळं सांगितलं. त्याने आरोही पंडितचं नाव काढलं. मुंबईची वैमानिक, आमच्याच पिढीची. तिने २०१९ मध्ये हलक्या क्रीडा-विमानातून अटलांटिक एकटीने ओलांडला आणि १५ ऑक्टोबर २०२१ ला जेआरडींच्या आठवणीत भूजहून जुहूपर्यंत तसंच छोटं विमान आणलं.

"ती जाऊ शकते, मी नाही?" तो म्हणाला.

"जा की. पण तिला 'आज नको' म्हणता येत होतं."

मग मी त्याला एक गोष्ट सांगितली, जी घरात कुणाला ठाऊक नाही. माझी पहिली नोकरी सहा माणसांच्या कंपनीत होती. सर्व्हर एक आणि रात्री तो बघणारा मी एकटा. पहाटे तीनला फोन वाजायचा, मी लॅपटॉप उघडायचो, तासाभरात सगळं पुन्हा चालू. ते दिवस मीही मित्रांना रंगवून सांगतो. जे सांगत नाही ते हे, की एकदा सलग तिसऱ्या जागरणात मी चुकीचा टेबल डिलीट केला आणि बॅकअप नव्हता. एका दिवसाच्या ऑर्डर गेल्या. त्या लहान-लहान दुकानदारांच्या होत्या. माझी नोकरी गेली नाही. नुकसान त्यांचं झालं. त्या रात्री 'मी दमलोय, सकाळी करू' म्हणायची सोय नव्हती, आणि असती तरी मी म्हणालो नसतो, कारण मला हिरो व्हायचं होतं.

आता मी मोठ्या कंपनीत आहे. माझा प्रत्येक बदल दोन जण तपासतात. मला रोज कंटाळा येतो आणि रोज झोप लागते.

दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मग काय, जाऊ नको म्हणतोस?"

मी म्हणालो, तसं नाही. पण कंपनीला तीन प्रश्न विचार. हवा खराब म्हणून तू परत फिरलास, तर त्या फेरीचे पैसे मिळतात का? विमानात बिघाड दिसला, तर 'उडणार नाही' हा शेवटचा शब्द तुझा की मालकाचा? आणि गेल्या वर्षी तुझ्यासारखे किती जण परत फिरले? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'कुणीच नाही' आलं, तर मात्र जाऊ नकोस.

त्याने ते प्रश्न फोनवर टाइप करून घेतले.

आत्याला मी रात्री फोन केला. "समजावलंस का?" तिने विचारलं. मी सांगितलं, की त्याने तीन प्रश्न पाठवलेत, उत्तरं आली की तुलाच वाचायला देणार आहे. ती थोडा वेळ गप्प राहिली.

"आणि उत्तरं चांगली आली तर?"

"तर आत्या, त्याला सोडायला आपण दोघं विमानतळावर जाऊ."

तिने हो म्हटलं नाही. पण फोनही ठेवला नाही. त्या प्रश्नांचा अर्थ काय, ते तिने मला पुन्हा एकदा सावकाश सांगायला लावलं, आणि मागे कागद फाटल्याचा आवाज आला. ती लिहून घेत होती.